भुरकाखेडच्या चौदा कुप्या

दिनांक : १२ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. प्रकल्प समन्वयक,
सर्पदंश साहाय्य कक्ष,
अमरावती.

विषय : 'सर्पदंश साहाय्य' वेब अ‍ॅपची बाह्य साठा-सर्व्हरशी असलेली जोडणी मी विनापरवानगी तोडल्याबाबत खुलासा, व ती आज पूर्ववत न करण्याबाबत विनंती.

संदर्भ : आपले पत्र दि. ११ सप्टेंबर २०२५.

महोदय,

मी आपल्या कक्षात तीन वर्षांपासून कंत्राटी संगणक चालक आहे. संदर्भीय पत्रान्वये मागविलेला खुलासा सादर करीत आहे.

मेळघाटात कोणास साप चावला की आशाताई किंवा जीपचालक मोबाइलवर आपले अ‍ॅप उघडतात. जवळच्या कोणत्या आरोग्य केंद्रात विषावरील लसीच्या किती कुप्या आहेत ते दिसते आणि रुग्ण तिकडे नेला जातो. जूनपर्यंत मी रोज सकाळी अकराही केंद्रांना फोन करून आकडे भरत असे. १ जुलैपासून आपल्या आदेशाने अ‍ॅप अकोल्याच्या एका खाजगी संस्थेच्या सर्व्हरला जोडले गेले व फोन करणे बंद झाले. जोडणी मीच केली. सर्व्हरने उत्तर न दिल्यास रकाना रिकामा राहतो, हे मी चाचणीत आपल्या निदर्शनास आणले होते. आपण म्हणालात, "आढावा बैठकीत रिकामं दिसता कामा नये. मागचा आकडा राहू द्या." त्याप्रमाणे मी प्रोग्राममध्ये तशी ओळ लिहिली. ती ओळ माझ्या हातची आहे, हे मी नाकारत नाही.

९ ऑगस्ट रोजी तो सर्व्हर बंद पडला. पडद्यावर काहीच बदलले नाही. अकराही केंद्रे हिरवी, म्हणजे साठा असलेली; भुरकाखेडसमोर चौदा. भर पावसाळ्यात बारा दिवस एकही आकडा हलला नाही, हे माझ्या लक्षात यावयास हवे होते. आले नाही.

२१ ऑगस्ट रोजी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, सावरीढाणा येथील सुंदराबाई मावसकर, वय ४२, यांना सोयाबीन निंदताना दुपारी नाग चावला. तेथून धारणीचे उपजिल्हा रुग्णालय अठरा किलोमीटर. भुरकाखेड नऊ, पण उलट दिशेला. अ‍ॅपने भुरकाखेड दाखविले. तेथील परिचारिका माया जांबेकर यांनी जीपमधील लोकांना फ्रिज उघडून दाखविला. कुप्या दहा दिवसांपूर्वीच संपल्या होत्या. जीप परत वळविण्यात आली. धारणीच्या चार किलोमीटर अलीकडे सुंदराबाईंचा श्वास थांबला.

दुसऱ्या दिवशी जीपचालक श्याम यांचा मला फोन आला. "म्याडम, मोबाइलवर चौदा दिसून राहिले होते म्हणून तिकडं नेलं. नाही त मी सरळ धारणीलेच नेत होतो. तिचा नवरा मले विचारून राहिला. मी त्याले काय सांगू?"

२५ ऑगस्ट रोजी मी रजा टाकून अकोल्यास, जुने शहर भागातील संस्थेच्या पत्त्यावर गेले. गाळ्याला कुलूप होते, पाटी काढलेली होती. शेजारी शिवणकाम करणाऱ्या इंदूबाई म्हणाल्या, "ते लोक त केव्हाचेच गेले, बाई. कुठं गेले ते काही सांगून नाही गेले." ही बाब मी आपणास तीन वेळा लेखी कळविली. आपले उत्तर आले की, जोडणी तोडावयाची झाल्यास त्या संस्थेचे ना-हरकत पत्र जोडावे.

८ सप्टेंबर रोजी मी अकराही केंद्रांना फोन केले. सात केंद्रांत एकही कुपी नव्हती. पडद्यावर अकराही हिरवी होती. त्याच दुपारी मी जोडणी तोडली आणि आकड्यांच्या जागी 'आधी फोन करा' एवढे शब्द व माझा नंबर टाकला. १० तारखेला टेंभुरढाण्याहून एका वडिलांचा फोन आला. त्यांची नऊ वर्षांची मुलगी खुशी हिला साप चावला होता. "भुरकाखेडले नेऊ काय?" असे त्यांनी विचारले. मी धारणीला न्या म्हणाले. ती तेथे दाखल आहे. काल तिने थोडी पेज घेतली.

आपल्या पत्रानुसार, सोमवारी आढावा असल्याने, आज सायंकाळी पाच वाजता जोडणी पूर्ववत होईल व माझा पासवर्ड बंद होईल. पलीकडे सर्व्हर नाही. त्यामुळे ९ ऑगस्टचेच आकडे परत येतील आणि माझा नंबर निघून जाईल. माया जांबेकर यांना आज सकाळी पुन्हा विचारले. भुरकाखेडात शून्य आहे. पाचनंतर तेथे चौदा दिसेल, आणि माणसे तिकडे निघतील.

माझे कंत्राट संपविल्यास माझी तक्रार नाही. जोडणी मात्र करू नये. करावयाचीच असल्यास निदान त्या सात केंद्रांसमोर शून्य लिहावे, ही कळकळीची विनंती.

आपण दौऱ्यावर असून फोन उचलत नसल्याने हा अर्ज आपल्या टेबलावर ठेवीत आहे. आता चार वाजून वीस मिनिटे झाली आहेत. माझा फोन वाजत आहे, म्हणून येथेच थांबते.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,
भावना डोमाजी गवई
संगणक चालक (कंत्राटी)

सोबत : १) केंद्रनिहाय प्रत्यक्ष साठ्याची यादी, आज सकाळी अकरापर्यंतची.
२) माझ्या तीन पत्रांच्या पोचप्रती.