पहिलं पिस्तूल आणि शांत स्वभावाचा रकाना

तीर्थस्वरूप भाऊजींना बसल्या जागेवरून नमस्कार (वाकता येत नाही, उजवा खांदा धरलाय, कारण पुढे येईल). तुमचा गुडघा कसा आहे? ताईला चष्म्याचा नवा नंबर मानवला का? चार वर्षांत काहीच विचारलं नाही, म्हणून दोन्ही एकदम विचारतो.

तर, मी नेमबाजी शिकायला निघालोय. तक्रारींच्या खिडकीवर जन्म काढून निवृत्त झालेल्या माणसाने काहीतरी छंद लावून घ्यावा, असं घरात ठरलं (तो बागकामाचा असावा, असंही ठरलं होतं). पहिलं पिस्तूल निवडायला क्लबात गेलो तेव्हा मनात एक पक्कं होतं: काळं, जड, बघताच समोरचा गप्प बसेल असं. तिथल्या शिक्षिकाबाई माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. तसल्या पिस्तुलांचं कपाट त्यांनी उघडलंच नाही. माझा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवला, चपलेचं माप घेतात तसा. पिस्तूल म्हणे दिसण्यावर नाही, मुठीवर निवडायचं. आणि हातात दिलं काय, तर हवेवर चालणारं! छर्रा मसुरीएवढा, आवाज डबीचं झाकण उघडल्याएवढा. मी बाईंना चार शब्द सुनावणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "छर्रा नंतर. आधी रिकामं पिस्तूल निशाणाकडे धरून मिनिटभर उभे राहा. बोलायचं नाही."

भाऊजी, मिनिट एवढं लांब असतं हे मला या वयात कळलं. अकराव्या सेकंदाला हात खाली. तीन पिस्तुलं बदलली, तिन्हींना नावं ठेवली, बाई नुसत्या घड्याळ बघत राहिल्या. शेवटी चौथं हाताला बसलं. सगळ्यांत हलकं, आणि सांगायला लाज वाटते, पण फिकट निळं.

खरा धक्का त्यानंतर बसला. प्रवेशाच्या अर्जात रकाना आहे: 'अर्जदार शांत स्वभावाचा आहे.' खाली दहा वर्षं ओळखणाऱ्या नातेवाइकाची सही, शनिवारच्या आत, नाहीतर प्रवेश नाही. हा रकाना कुठल्या शहाण्याने घातला, असं मी (जरा मोठ्याने) विचारलं. बाईंनीच घातला होता. घरी येऊन अर्ज बायकोपुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला, पेनाला टोपण लावलं आणि परत केला. मला फार लागलं ते.

अर्ज सोबत जोडला आहे. आपली ओळख सत्तावीस वर्षांची. त्यातली शेवटची चार तर बोलणंच नसल्यामुळे अगदी शांततेत गेली, तेव्हा सहीला अडचण नसावी.

तुमचा मेव्हणा

ता. क. बुद्धिबळाचा पट वाऱ्याने उधळला, असं मी चार वर्षांपूर्वी, आपल्या शेवटच्या डावात, म्हणालो होतो. खिडक्या बंद होत्या. मीच उधळला. चुकलं माझं.

आणखी ता. क. ते चौथं पिस्तूल धरून मी मिनिटभर खरंच गप्प उभा होतो, भाऊजी. तोंडाने आणि आतूनही. कुणावर राग नव्हता. इतकं बरं वाटलं की घाबरलोच. मला ते मिनिट पुन्हा हवंय. 'शांत आहे' हे तुमच्या हातून लिहिलं जाणार नाही, मला माहीत आहे. तेवढं खोडून 'शांत होऊ पाहतो' असं लिहा, आणि त्याखाली सही करा.