तांगयुआनचं हिरवं जाकीट

प्रिय शूयुन,

पाकीट बघून घाबरू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत, साप धरून. मोबाईलवर लिहिलं असतं तर तू वाचून नुसता अंगठा पाठवला असतास, आणि अंगठ्याशी भांडता येत नाही. म्हणून स्टुडिओतल्या टेबलाशी बसून कागदावर लिहितोय. तुझी आई आत वड्यांसाठी मुळा किसतेय आणि मधूनमधून ओरडतेय, "काय एवढं लिहिताय? पोरीला की सरकारला?"

तुझा निरोप वाचला. तिथे टास्मानियात कायमचं राहायचे कागद होणार. आनंद आहे, मनापासून. पण खाली लिहिलंस ते काही माझ्या घशाखाली उतरेना. "बाबा, बाहेरचा साप ह्या देशात आणूच देत नाहीत, आणि मी आता तिकडे राहायला येईन असं वाटत नाही. तुमचंही वय झालं. तांगयुआनसाठी ताइचुंगचा एक चांगला माणूस बघितलाय. त्याच्या घरी अजून अजगर आहेत, हा सुखात राहील." असं लिहिलंस जसं काही लेकीला स्थळ बघितलंयस! तुझी आई वाचून म्हणाली, "हिचं लग्न जमवायला आपण इतकी वर्षं घसा कोरडा केला, आणि ही सापाचं उरकतेय."

तू निघालीस तो दिवस आठवतो? वर्षभर चेरी तोडायच्या, चार पैसे गाठीला बांधायचे आणि परत यायचं, असं ठरलं होतं. तुझ्या हातात बुटांचं खोकं होतं, भोकं पाडलेलं. "बाबा, हा अजगर आहे, पण चावत नाही. घाबरला की गोळा होऊन बसतो." माझ्या तळहातात मावेल एवढा जीव, पाकातल्या पिठाच्या गोळ्यासारखा गुंडाळलेला, म्हणून तांगयुआन. तुझी आई दारातूनच कडाडली होती, "सर्पवर्षात जन्मलेली एक नागीण घरात होतीच की! आता ही दुसरी कशाला?" तू खो खो हसलीस. मीही हसलो. एका वर्षाचाच तर प्रश्न होता.

हात लावायचा नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. पहिला फोटो त्याच्या काचेच्या खोक्याबाहेरून काढून पाठवला. तुझं उत्तर आलं, "काचेवर उजेड चमकतोय. बाबा, तुम्ही फोटोग्राफर ना?" लागलं मला ते! अख्ख्या लुकांग गावातल्या नवऱ्या मुलींचे फोटो ज्यानं काढले, त्याला तू विचारतेस? दुसऱ्याच दिवशी बाह्या सरसावल्या आणि खोक्यात हात घातला. मला वाटलं होतं ओलसर, बुळबुळीत लागेल. कसलं काय, कोरडा आणि शांत. मनगटावर चढला, दोन वेढे घेतले आणि माझ्या घड्याळावर डोकं टेकून बसला. तुझी आई लांबून म्हणाली, "अहो, तुमची नाडी बघतोय तो."

तेव्हापासून त्यानं कात टाकली, अंगावरचे सोनेरी डाग लख्ख झाले, की त्याला वेताच्या खुर्चीवर बसवायचं आणि फोटो काढायचा, असा नेमच पडला. तीच खुर्ची, तुझ्या दर वाढदिवसाच्या फोटोची. आधी खुर्चीच्या एका कोपऱ्यात हरवायचा, मग बैठक भरली, मग खुर्चीच्या हातावरून शेपूट खाली लोंबायला लागलं. तुझंही असंच झालं होतं. आधी पाय हवेत, मग जमिनीला टेकले, मग एके वर्षी म्हणालीस, "बाबा, मी काय लहान आहे का आता खुर्चीवर बसायला?" तो फोटो मी तुला खुर्चीशेजारी उभं करून काढला होता. आणि एक सांगतो, ह्याच्यासारखं गिऱ्हाईक मला जन्मात मिळालं नाही. लोकांना "डोळे मिटू नका, डोळे मिटू नका" सांगून माझा जन्म गेला. ह्याला पापण्याच नाहीत. सांगावंच लागत नाही.

एक चांगला निघालेला फोटो मी दर्शनी काचेत लावला, नवरीच्या आणि जुळ्या बाळांच्या मधोमध. शेजारची बिन्हुआ काकू सुपाचं पातेलं तसंच टाकून धावत आली. "लाव, लाव! आता बघ लग्नाळू पोरींची कशी रीघ लागते!" खरंच दोन गिऱ्हाइकं दारातून परत फिरली. पण महिन्याभरानं तीच काकू त्या फोटोसमोर हळूच हात जोडताना दिसली. विचारलं तर म्हणाली, "साप म्हणजे छोटा ड्रॅगनच. नमस्कार केल्यानं माझं काय जातंय?"

तू मात्र फोटो बारकाईनं बघायचीस, आणि सापापेक्षा त्याच्या आजूबाजूचं जास्त. "मागच्या भिंतीला ओल आलीय का?" "खुर्चीवर उशी नवीन दिसतेय, आईनं शिवली?" "कडेला हात कुणाचा, आईचा? बोटं का सुजलीत?" एरवी फोनवर तुला घाई. कसं चाललंय विचारलं की "बरं चाललंय," संपलं. पण सापाच्या बाजूला जे असेल त्याची तू चौकशी करायचीस. मग काय, मीही पक्का झालो. तांगयुआनच्या शेजारी अंगणातला पहिला पेरू ठेवायचो. तुझ्या आईचा नवा चष्मा ठेवायचो. वादळात छताचा पत्रा उडाला तेव्हा त्याचा तुकडा ठेवला. तुला वाटायचं मी सापाचे फोटो पाठवतोय. पोरी, मी सापाच्या आडून घर पाठवत होतो.

मग एका थंडीत त्यानं खाणं सोडलं. "अजगर असे उपास करतात, काळजी नको," तू लिहिलंस. तुझं बरंय, तू लांब. ज्या गावात माणूस भेटला की नमस्काराआधी "जेवलास का?" विचारतात, तिथे घरातला एक जीव महिनोनमहिने तोंडात काही घेत नाही, म्हणजे काय वाटतं माहितेय? आतापर्यंत फ्रीजमध्ये आपल्या मोमोंशेजारी त्याचे गोठवलेले उंदीर ठेवले म्हणून माझा उद्धार करणारी तुझी आई, तीच काचेला नाक लावून उभी राहायला लागली. "खा रे बाबा. एक घास. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी तरी खा." शेवटी मला ओढत मात्सूदेवीच्या देवळात घेऊन गेली. लाकडी चंद्रकोरी टाकून कौल लावला, जेवेल का म्हणून. दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे देवी नुसतीच हसली, कौल दिला नाही. परत टाकल्या, परत हसली. तुझी आई भर देवळात भडकली, "हसायला काय झालं? तुम्हाला कुठे लेकरं आहेत म्हणा!" आणि लगेच स्वतःच्याच गालावर चापट मारून घेतली. मग उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावला बिचारीनं.

घरी येऊन तिनं तुझं कपाट उघडलं. ते हिरवं जाकीट आहे ना, कोपराशी उसवलेलं, तू टाकून गेलेलं? ते काढलं, एकदा नाकाशी धरलं आणि खोक्यात ठेवलं. तांगयुआन सरपटत आला, जरा चाचपलं आणि डाव्या बाहीत शिरला तो शिरलाच. काही दिवसांनी त्यानं उंदीर गिळला. आम्ही दोघं टाळ्या वाजवत होतो, सांगायला लाज वाटते. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, त्याला अंधार आणि आडोसा हवा होता. तुझी आई म्हणाली, त्याला वास हवा होता. मी दोघांनाही हो म्हटलं. मला ह्या घरात राहायचंय.

आता खरी पंचाईत ऐक. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी सगळं घर एका टेबलाभोवती जेवतं, आणि जो येऊ शकला नाही त्याचा कपडा त्याच्या खुर्चीवर ठेवायचा, हे तुला सांगायला नको. तू गेल्यापासून दरवर्षी ते हिरवं जाकीटच ठेवत आलो. आई त्याच्यापुढे वाडगा मांडते, काड्या ठेवते, माशाचा पोटाकडचा तुकडा वाढते आणि नवीन वर्षाच्या पैशांचं तुझं लाल पाकीट खिशात सारून चेन लावते. त्या वर्षी जाकीट सापाकडे! मी म्हटलं, तुझा दुसरा एखादा सदरा काढू. तर म्हणाली, "दरवर्षी जाकीट ठेवलं आणि यंदा सदरा ठेवला, तर तिला वाटेल आपण विसरलो." मग मी सापासकट जाकीट उचललं आणि खुर्चीवर ठेवलं. मासा टेबलावर आला तसं बाहीतून डोकं बाहेर आलं. तुझी आई हसली, मग हसता हसता पदराशी चाळा करावा तसा एप्रनचा कोपरा पिळत बसली. मी फोटो काढला. तुला पाठवला नाही. त्यात बाही भरलेली दिसत होती, आणि मला क्षणभर वाटलं तूच हात टेकून बसलीयस. असा फोटो लेकीला कसा पाठवायचा?

गेल्या रविवारी तुझा तो ताइचुंगचा माणूस आला. कुओ नाव. सभ्य आहे, अननसाची बिस्किटं घेऊन आला, बूट नीट लावून ठेवले. तांगयुआनला हातात घेतलं तेव्हाच कळलं, ह्याला येतं. मीही ठरवून टाकलं होतं की तू म्हणतेस तर द्यायचा. वेताच्या खुर्चीवर शेवटचा फोटो काढला. कुओनं कापडी पिशवी उघडली, तांगयुआन निमूटपणे आत गोळा होऊन बसला, पिशवीला गाठ बसली. तेवढ्यात तुझी आई आतून जाकीट घेऊन आली. "हेही न्या. ह्याच्याशिवाय तो जेवत नाही." त्यानं हात पुढे केला. ही म्हणाली, "थांबा, खिशात पोरीची लाल पाकिटं आहेत," आणि एकेक काढायला लागली. खिसा रिकामा झाला. कुओनं परत हात पुढे केला. हिनं जाकीट दिलं, पण बाही काही सोडेना. "मावशी," तो हळूच म्हणाला. ही म्हणाली, "हो, हो, न्या ना," आणि बाही घट्ट धरून उभी. मी म्हटलं, "अगं, सोड." तर माझ्याकडे बघून म्हणाली, "मी सोडतेच आहे." तो बिचारा अवघडून उभा, एक बाही त्याच्या हातात, एक हिच्या. मग त्यानंच आपली बाही सोडली. पिशवीची गाठ सोडून तांगयुआनला खोक्यात ठेवलं आणि म्हणाला, "साप मला मिळेल दुसरा कुठेही. हा तुमच्याकडेच राहू दे." जाताना बिन्हुआ काकूनं त्याला दोन वाडगे सूप पाजलं, मागितलं नसताना.

तेव्हा साप दिलेला नाही, आणि देणार नाही, हे एक. तिथले कागद कर, तिथेच राहा, तुझं बस्तान बसलंय त्याचा मला अभिमान आहे. मी त्याच्या आड येत नाही. पण मला तुझी फार आठवण येते, शूयुन. तुझ्या आईला तर येतेच. इतकी वर्षं मी फोटो पाठवत राहिलो आणि तू ते बघून निश्चिंत राहिलीस. कधी कधी वाटतं, मी इतके चांगले फोटो काढले नसते तर तू एखाद्या वर्षी बघायला तरी आली असतीस. म्हणून हे पत्र. रविवारचा फोटो सुंदर निघालाय, पण ह्या पाकिटात घातलेला नाही, मोबाईलवरही येणार नाही. बघायचा असेल तर ह्या वर्षअखेरीला ये. राहायला नको येऊस, एका जेवणापुरती ये. तुझ्या खुर्चीवर ह्या खेपेला मी जाकीट ठेवणार नाही, तुझ्या आईनं कितीही कांगावा केला तरी. तिनं कोपर शिवून ठेवलंय, तूच ते घालून बस. डॉक्टरांना विचारून ठेवलंय मी. जाकिटाशिवाय तांगयुआन दोन दिवस राहील म्हणाले.

वाट बघणारा, तुझाच,
बाबा