न घेतलेला खड्डा

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की वयानं मी आता तुमच्या पुढं गेलोय. तरी आपल्या माळावरच्या रानाच्या पट्टीचा विषय आपल्यात कधी निघालाच नाही.

दुष्काळाच्या त्या वर्षी मी सोलापूरच्या ऑफिसातून जीप घेऊन मंगळवेढ्याकडं, आपल्याच गावात माती तपासून नकाशा करायला आलो होतो. पूर्वी थोड्या थोड्या अंतरावर खड्डे घ्यावे लागत; त्यात मजूर, दिवस, पैसा सगळंच फार जाई. मी साहेबांच्या मागं लागून नवी पद्धत मंजूर करून घेतली होती. आधी चढउतार बघून माळ, उतार, सखल असे भाग पाडायचे आणि एकेका भागात एकच खड्डा घ्यायचा. थोडक्यात काम होई, आणि मी चांगलाच शेफारलो होतो. तुम्ही आपल्या पट्टीच्या बांधावर उभे आहात. "हितं बी एक खड्डा घे की," म्हणता. साहेब शेजारीच आहेत. मी हसतो. "आबा, उतार बघितला की कळतंय. हितं वीतभर माती, खाली मुरूम." तुम्ही एकदा साहेबांकडं बघता. "व्हय, तू शिकल्याला हाईस," एवढंच म्हणता.

नकाशात पट्टी हलकी, म्हणजे मुरमाड, लागली. पुढं दुष्काळी कामावर तलावाच्या भरावाला मुरूम हवा होता, तेव्हा नकाशातली हलकी रानं बघून तिथंच कुदळ पडली. कंबरभर खणलं तरी काळी मातीच निघत होती. तीही भरावात गेली. तुम्ही अडवलं का नाहीत? आई नंतर म्हणाली, "पोराचा नकाशा खोटा हाय म्हनून चारचौघांत कसं सांगू, म्हनत हुते." मला रडू आलं नाही, तुमचा रागच आला. अजून येतो. त्या पट्टीत परत शाळूची ज्वारी झाली नाही, तुम्ही तिकडं फिरकला नाहीत, आणि दोन वर्षांत गेलात.

पद्धत वाईट नव्हती, आबा. पुढं कितीतरी गावांचे नकाशे तिनं कमी खर्चात झाले. पण उतारावर दगडी ताल, म्हणजे बांध, घालून, ओढ्यातला गाळ पाट्यांनी वर वाहून तुम्ही आणि आईनं ती माती केली होती, हे नुसत्या उतारावरून कुणाला कळणार, असं मी आयुष्यभर सांगत आलो. लोकांना ते पटतंही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लिहितो. त्या पाट्या लहानपणी मीही वाहिल्या होत्या. साहेबांसमोर, घरच्याच रानात माझी पद्धत फसायला नको होती. खड्डा न घेता माती काढून बघायचा गज जीपमध्येच होता.