कागदापुरती मालकीण

दवाखाना, ४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुझी फार आठवण येते. भावोजी गेल्यावर तू परदेशात एकटीनं राहण्यात अर्थ नाही, असं आम्हा सगळ्यांचं मत पडलं. तू कायमची परत ये. तुझी खोली तुझी वाट बघते आहे.

सहज आठवलं म्हणून लिहितो. तुझ्या शहरात एका म्हातारबुवांकडे जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार विकायला आहे. लाल, बुटकी, माझ्या जन्माच्याही आधीची. फोटो पाहिल्यापासून पेशंटच्या तोंडात डोकावलं तरी मला तिचं बॉनेट दिसतं. पण इतकी जुनी गाडी बाहेरून आणायला आपल्याकडे बंदी आहे. सूट एवढीच, की तिकडे राहणाऱ्या माणसानं ती वर्षभर स्वतःच्या नावावर ठेवून वापरली आणि कायमचं परतताना सामानाबरोबर आणली, तर इथे नोंदणी होते. पैसे मी पाठवतो. तुला काहीच करायचं नाही, फक्त मालकीण व्हायचं.

लोभ आहेच, तो गाडीपेक्षा जुना समजावा.

तुझा धाकटा


२१ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. आठवण चार ओळींत आटोपलीस आणि गाडीला पानभर दिलंस. मी चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते, तेवढं मला दिसतं.

तुझे भावोजी गेले तेव्हा मीच विचारलं होतं, येऊ का म्हणून. तू कळवलंस की आधी घराला रंग होऊ दे. कसला रंग रे तो, इतक्या वर्षांत वाळला नाही? आणि माझी वाट बघणाऱ्या खोलीत तुझं पळायचं मशीन आहे, त्यावर तू पळत नाहीस, तुझे शर्ट वाळतात, असं तुझ्या बायकोनं मागेच लिहिलं होतं.

असो. होते मालकीण. इथे माझ्यावाचून कोणाचं काही अडलेलं नाही, हे खरंच आहे. पण वापरायची म्हणजे वापरायची. मला गाडी येत नाही, तेव्हा शिकवणीचे पैसेही पाठव. तुझे दुधाचे दात होते तेव्हापासून हट्ट पुरवते आहे, त्यात हा एक.

दुसऱ्यांचे दात बघताना स्वतःची पाठ सांभाळ.

ताई


१६ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

परवाना मिळाला. तुझ्या लाडकीत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसायचं, आणि उठायचं तर आधी कोणाला तरी हाक मारायची. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, गाडी नवऱ्यानं दिली का. मी सांगितलं, भावानं घेतली, माझ्या नावावर, स्वतःसाठी. भाषा त्यांचीच होती, तरी त्यांना कळलं नाही.

खरं सांगू? रविवारी समुद्राच्या रस्त्यानं एकटी गेले. गिअर टाकला की दाताखाली खडा आल्यासारखा आवाज होतो. पण चढ संपला, पुढे रस्ता मोकळा दिसला, आणि मी मोठ्यांदा हसले. तुझे भावोजी गेल्यापासून मी तशी हसले नव्हते.

सगळ्यांना विचारलंय म्हणून सांग.

ताई


दवाखाना, २ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून धसकाच बसला. समुद्राची हवा पत्र्याला खाते. रविवारी तर मुळीच जाऊ नकोस, गर्दीत ओरखडे पडतात. गिअर अलगद टाक. कागदाला पुरेल एवढीच वापर.

बाकी तुझं ठीक असेलच.

धाकटा


दवाखाना, २० एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

तू परत आलीस, मागोमाग गाडी आली, आणि नोंदणी कार्यालयाच्या फाटकातून तू पेट्रोल भरून येते म्हणून ती घेऊन गेलीस, त्याला आठवडा झाला. मी नंबरप्लेटचा स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून संध्याकाळपर्यंत उभा होतो. घरी मित्रांना बोलावलं होतं. त्यांनी रिकामं गॅरेज बघितलं, चहा घेतला आणि गेले. आज तुझं कार्ड आलं, त्यावर नुसता पत्ता. कुठलं हे गाव?

ही गाडी दोन वर्षं विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, हे तुला माहीत असताना असं वागलीस? माझं काय चुकलं?

धाकटा


२६ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद आहेतच.

काय चुकलं ते ऐक. नोंदणीच्या त्या इन्स्पेक्टरनं वाकून चासीच्या नंबरावर कागद धरला, पेन्सिल घासून ठसा घेतला, आणि उभं राहून मला विचारलं, बाई, गाडी कोण चालवणार. मी तोंड उघडायच्या आत तू हसून सांगितलंस, मीच, ताई काय, ती कागदापुरती. तोही हसला. मी तुझ्या शेजारी उभी होते रे. परत आल्यापासून रोज सकाळी तू मला गाडी बंदरातून कधी सुटणार ते सांगत होतास. मी पुढे काय करणार, कुठे राहणार, हे एकदाही तुझ्या तोंडून आलं नाही.

या गावातल्या चष्म्याच्या दुकानात नजर तपासायला माणूस हवं होतं. वरच्याच दोन खोल्या मिळाल्या. तुझे पैसे फेडीन. मी चोर नाही, मालकीण आहे.

दुसरी सीट रिकामी असते. एखाद्या रविवारी बसनं ये, स्टँडवर घ्यायला येईन. पण आधी एक पत्र पाठव, ज्यात गाडीचं अक्षरही नसेल.

ताई


दवाखाना, ३ मे

ती. ताईस,
सा. न.

कशी आहेस?

धाकटा

वन्सं, नमस्कार. एवढ्याशा पत्रासाठी ह्यांनी सकाळपासून पेशंट ताटकळत ठेवले. पुढे काय लिहू म्हणून मलाच विचारत होते. मी सांगितलं, पुढे काही लिहायचं नसतं, उत्तराची वाट बघायची असते. रविवारी येतील. परत पाठवायची घाई करू नका.

तुमची भावजय