दोरीचं उत्तर

ता. ४ मे, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. सदऱ्याचं बटण लावून झालं आणि पत्राला बसलो.

ती. ताईस, सा. न. वि. वि.

कामाचं विचारलं होतंस. कारखान्यात तेलाच्या टाक्या आतून खरवडतात. आत मिस्त्री उतरतात. त्यांच्या कमरेला दोरी, दुसरं टोक माझ्या हातात. दर पाच मिनिटांनी मी हिसका द्यायचा, त्यांनी उलट हिसका दिला की वहीत बरोबरची खूण करायची. आठ तास हेच. मिस्त्री म्हणतात, दोरी माझ्या कमरेला असली तरी बांधलेला तू आहेस.

तेलकट हातांनी पान बरबटतं म्हणून मुकादम खेकसले. मी तोड काढली. मिस्त्री तासातासाने पाणी प्यायला वर येतात, तेव्हाच कोरड्या हातांनी पुढच्या बारा खुणा करून ठेवतो. वही आता आरशासारखी आहे. परीक्षेची फी जमेपर्यंत असेच दिवस ढकलायचे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
धाकटा

ता. ८ मे

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आई म्हणते, याने लहानपणी पाटी पुसून पुसूनच झिजवली. पण खूण आधी आणि काम मागून, हे मला रुचलं नाही. आमच्या दवाखान्यात औषध पोटात गेल्याशिवाय कागदाला पेन लागत नाही. बरबटू दे वही. मुकादम काय खाणार आहे तुला? जेवत जा.

तुझी ताई

ता. ११ मे, दुपारी तीन वाजून वीस मिनिटे. खोलीत नुसता बसलो होतो.

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. मिस्त्री काल गेले.

दहा पंचवीसला त्यांचं उत्तर आलं. साडेदहाला वहीकडे पाहिलं, खूण दिसली, वाटलं हिसका देऊन झाला. दहा पस्तीसलाही तेच. दहा चाळीसला शंका आली म्हणून दिला, तर दोरी तशीच. वर काढलं तेव्हा उशीर झाला होता. आतल्या वाफेने गुदमरले. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी काढायला हवं होतं.

मुकादमांनी दहा चाळीसपासूनच्या खुणा खोडून टाकल्या. म्हणतात, वहीप्रमाणे दहा पस्तीसपर्यंत माणूस ठीक होता, म्हणजे हृदयच बंद पडलं. कारखान्याचा दोष नाही, भरपाई नाही. तू तोंड शिवून ठेव, तुला कायम करतो. मी काय करू ते कळव.

धाकटा

ता. १४ मे

चि. धाकट्यास आशीर्वाद.

आई म्हणते, गप्प राहा, गेलेला माणूस परत येत नाही. मी तसं सांगू शकत नाही, आणि बोल म्हणायला जीभ रेटत नाही. तुलाच धरतील. काहीही केलंस तरी आधी घरी ये.

ताई

ता. १७ मे, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटे. पोलीस चौकीच्या बाकावर आहे.

ती. ताईस, सा. न. वि. वि.

नोकरी सोडली. मुकादमांनी कारण लिहून मागितलं. लिहिलं, साडेदहाच्या आणि दहा पस्तीसच्या खुणा मी नऊ पंचावन्नला केल्या होत्या. त्या वेळी हिसका दिलाच नव्हता. एक प्रत तपासाच्या साहेबांना दिली. पगार अडवला आहे, यंदा परीक्षा नाही. आईला हळूहळू सांग.

काल मिस्त्रींच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोला सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. एवढंच विचारलं की, दहा पंचवीसला त्यांचं उत्तर आलं होतं ते तरी खरं, की तीही नुसतीच खूण. मी खरं म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा खरं म्हणालो.

आतून बोलावत आहेत.

तुझा
धाकटा