तिसरा गॅस आन् माझा हात

४ एप्रिल, शुक्रवार

नवा गॅस आला आन् डोक्याला ताप घेऊन आला! सकाळी शाळेच्या प्रमोदिनी मॅडम नवी पांढरी गाडी घेऊन दुकानात. दगड उडून एसीची पुढची जाळी फुटलेली, गॅस सगळा गेलेला. जाळी बदलली, गॅस भरला. नळीचं तोंडसुद्धा येगळं, जुना पाईप बसतच न्हाय.

बत्तीस वर्षं झाली येरमाळ्यात गाड्यांचे एसी करतोय. पयला बारा नंबरचा गॅस — आभाळाला भोक पाडतो म्हणून बंद झाला. मग एकशेचौतीस — तो म्हणे हवा तापवतो. आता हा तिसरा. गंगा सांगती, हा हवेत गेला तर थोड्या दिवसांत विरून जातो. गुणाचा हाय म्हणा! पण जरासा पेट घेणारा, म्हणून माझी बिडी दुकानाबाहेर. पोरगी माझी, दुकान माझं, आन् बिडी ओढायला मी रस्त्यावर!

गंगा म्हंजे माझी थोरली, शिवगंगा. आयटीआय करून आली, तीन वर्षं झाली दुकानात. मागच्या महिन्यात सोलापुराहून नव्या गॅसचं मशीन घेऊन आली. गाडीतला गॅस काढून मोजतं, परत मोजून भरतं. बॉनेटच्या आतल्या पट्टीवर ४५० ग्रॅम लिवलंय, तर ४५०च. मी म्हणलो, "काट्यावर जवारी मोजायची. गॅस हातानं कळतो." परतीच्या पाईपवर डावा हात ठिवायचा, रांजणासारखा गार लागला की कॉक बंद. महांतप्पाचा हात! कळंबपासनं बार्शीपर्यंत नाव हाय. मशीनवर पोतं टाकून ठिवलं.

मॅडमना शाळेची घाई, गंगेला चक्करसुद्धा मारू दिली न्हाय. एरवी दिवाळीपासनं मी भरलेली हरेक गाडी ती पंपापर्यंत फिरवून आणती. तिथं दिग्विजयचं गॅरेज, आयटीआयचा तिचा सोबती. असलंच, पण जुन्या गॅसचं मशीन हाय त्याच्याकडं, लई मिरवतो. अर्धा अर्धा तास लावती. मारू दे गप्पा, पोरीला तेवढाच इरंगुळा.

५ एप्रिल, शनिवार

दोन जुन्या जीपा भरल्या, जुन्या गॅसच्या. गंगा चक्कर मारून आली, चावी फिरवत म्हणती, "अप्पा, बर्फ!" बायकोनं, इरम्मानं, गुळाच्या शेंगापोळ्या केल्या होत्या. तीन हाणल्या. माझ्यावानी सुखी माणूस न्हाय तालुक्यात!

८ एप्रिल, मंगळवार

मॅडमची गाडी परत! "महांतप्पा, नुसता वारा येतोय हो. गार म्हणून काही नाही." पाईपला हात लावला — कोमट. म्हणलं कमी पडला असंल, वरून आणखी सोडला. नव्या गॅसला दमच न्हाय!

गंगा सामान आणायला कळंबला गेलेली. आली आन् कपाळाला हात लावला. "अप्पा, वरून भरला? आधी काढून मोजायचा हुता की!"

माझं टाळकं सरकलं. म्हणलो, "ही गाडी पुन्यांदा परत आली तर पाना तुझ्या हातात आन् मी बाहेर बाकड्यावर. कायमचा!"

इरम्मा जेवणाचा डबा घेऊन आली होती. ती म्हणती, "बाकडं पुसून ठिवू का?"

बोलून गेलो खरा. पान्याशिवाय मला इचारतंय कोण?

१३ एप्रिल, रविवार

येडाईची यात्रा. रिवाजापरमाणं देवीसाठी चुन्याचे खडे वेचायला रानात गेलो, अनवाणी. काय ते ऊन! जमीन तव्यागत तापलेली. गडी गडी म्हणवणारे एका पायावर नाचत होते. मी मात्र निवांत, पाच खडे नीट निवडून वेचले. मला चटका म्हणून न्हाय! आईची कृपा, दुसरं काय. मागितलं एवढंच — मॅडमची गाडी परत येऊ देऊ नको.

१४ एप्रिल, सोमवार

तळपायाला लिंबाएवढा फोड. इरम्माला दिसला, मला पत्ताच न्हाय.

"दुखत न्हाय व्हय वो?"

"अजाबात न्हाय! म्हणलं न्हवं, कृपा हाय."

इरम्मानं हात जोडले. गंगा मात्र हसली न्हाय. हळद लावताना सारखी माझ्या हाताकडंच बघत होती.

१६ एप्रिल, बुधवार

आली. पांढरी गाडी परत आली.

पयल्यापेक्षा बी वाईट. मॅडम घामानं भिजलेल्या. गंगेनं मला न इचारता मशीनवरचं पोतं काढलं. गाडीतला सगळा गॅस ओढून घेतला. काट्यावर आकडा — ६९०!

"जास्त झाला अप्पा. जास्त झाला की दाब वाढतो, मग गार व्हायचं बंद हुतं."

मी म्हणलो, मशीन खोटं हाय.

तिनं मोजून ४५० भरला. गाडी चालू ठिवली. जरा वेळानं म्हणती, "लावा हात."

लावला. "कोमट हाय. बघ, म्हणलं न्हवतं?"

मॅडमनी सहज बोट लावलं आन् झटक्यानं मागं घेतलं. "अगं बाई, केवढा गार!"

मग मी पाईपाकडं बघितलं. पाणी सुटलं होतं त्याला, थेंब थेंब गळत होतं. डोळ्याला दिसत होतं. हाताला लागत न्हवतं. उजवा लावला. त्यालाबी न्हाय.

पाना गंगेच्या हातात दिला. शब्द म्हंजे शब्द.

१७ एप्रिल, गुरुवार

गंगा कळंबच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरनं डोळे मिटायला लावले, म्हणले, "टोचलं की सांगा." मी वाट बघत बसलो. जरा वेळानं तेच म्हणले, "झालं माझं टोचून. उघडा डोळे."

साखर. लई दिवसांची, म्हणले. पाय आन् बोटं बधिर झालीत. बाकी गोळ्यांनी जमंल, पण अनवाणी चालायचं न्हाय, बिडी बंद, शेंगापोळी बंद.

एवढ्या वर्षांचं नाव त्या हाताचं. येताना एष्टीत रडू आलं, खरं लिवतो. गंगेनं खिडकीकडं तोंड केलं, म्हंजे मला लाजायला नको.

१९ एप्रिल, शनिवार

बाकडं वाईट न्हाय! लिंबाची सावली हाय, रस्ता दिसतो. येणारा जाणारा इचारतो, "महांतप्पा, आज बाहेर?" मी म्हणतो, "पेन्शन लागली!" इरम्मानं खरंच बाकडं पुसलं होतं, वर गोधडीबी टाकली. मॅडमचा फोन आला, गाडीत शाल घ्यावी लागती म्हणल्या. मीच आईकडं चुकीचं मागितलं होतं. गाडी परत आली तेच बरं झालं.

आवाजावरनं मला अजून कळतंय हां. फॅनचा बेरिंग गेलेला मीच सांगितला. गंगा म्हणली, "तुम्ही कान, मी हात." आवडलं मला.

२१ एप्रिल, सोमवार

५ तारखेच्या दोन जिपांतली एक आली, पाईप फुटला म्हणून. गंगेनं पाईप बदलला, जुन्या गॅसची टाकी साध्या काट्यावर ठिवून मोजून गॅस भरला आन् चावी सरळ ड्रायव्हरच्या हातात दिली.

मी म्हणलो, "चक्कर न्हाय मारायची? दिग्विजयकडं?"

"आता कशाला, अप्पा?"

आन् खाली मान घालून नळ्या गुंडाळायला लागली.

म्हंजे गप्पा न्हवत्याच. माझा जास्तीचा गॅस ती दिग्विजयच्या मशीनवर काढून आणायची. दिवाळीपासनं, हरेक गाडी. आन् परत येऊन मला म्हणायची, "अप्पा, बर्फ!"