गुरुबळ विचारायला येणारा

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि माझं लिहिणं चौथीपर्यंतचं, म्हणजे हे पत्र तसं दोघींच्याही कामाचं नाही. तरी लिहिते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायला गेलं तर आधी हातच दिसतात, झेंडू खुडून खुडून काळे पडलेले. चेहरा मागून येतो, सावकाश, धुक्यातून माणूस यावा तसा. आज लिहायला बसले कारण तुझ्यावर एक आळ आला आहे. आणि तो मीच घातलेला आहे.

माझ्या लेकाची लेक कॅनडात असते. शिकायला म्हणून गेली आणि तिथलीच झाली. सकाळी माझ्या चहाच्या वेळेला तिचा फोन येतो, त्यात तिचं तोंड दिसतं आणि तोंडामागे खिडकी. खिडकीत बर्फ पडत असतो. तो आवाज न करता पडतो, आणि बघत बसलं की मला आपण कुठे आहोत तेच कळेनासं होतं. ती एक पुस्तक लिहिते आहे, इंग्रजीत, तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापोरींसाठी. त्यात एक मुलगी आपल्या आईबरोबर इकडून तिकडे राहायला जाते. भाषा येत नाही, ओळखीचं कुत्रं नाही. आणि तिथे एक मुलगा असतो. तो रोज तिच्या बसच्या थांब्यावर येऊन उभा राहतो. तिचं सामान उचलून देतो, तिची आई आजारी पडली तर दवाखान्यात नेतो, आणि काही मागत नाही. नात मला एकेक प्रकरण मराठीत सांगते आणि मी मध्ये मध्ये तोंड घालते.

"हा नुसता उभाच राहतो का गं? कामधंदा काय करतो?"

"आजी, तो लॉयल आहे. ज्यांनी ज्यांनी वाचलं त्या सगळ्या मुलींना तोच आवडला."

"लॉयल म्हणजे?"

"म्हणजे काही झालं तरी सोडून न जाणारा."

"असं आमच्याकडे कुत्र्याला म्हणतात."

ती इतकी हसली की फोन हलला, बर्फ वाकडा पडायला लागला. मग म्हणाली, "आजी, तो तुझाच आहे. तुझा सुरगाण्याचा. मी फक्त त्याला जाड कोट घातलाय."

ती दहा वर्षांची असताना दसऱ्याच्या माळा ओवता ओवता मी तिला ती गोष्ट सांगितली होती. डोंगरातला एक मुलगा तीन वर्षं मला मागणी घालायला आला आणि माझ्या आईने तिन्ही वर्षं खोटं बोलून त्याला परत पाठवला, अशी गोष्ट. सगळ्यांना तशीच सांगत आले. नवऱ्यालासुद्धा. माझ्या गोष्टीत सगळं तू करतेस आणि मी दाराआड असते.

आपल्या मळ्याच्या जागी आता सात मजल्यांची बिल्डिंग आहे. तिला नाव फुलाचं दिलंय आणि आत एक फूल नाही, नुसत्या गाड्या. पण दुपारी डोळा लागला की मळा तसाच असतो. मार्गशीर्षातली सकाळ आहे, गोदावरीकडून धुकं येऊन शेवंतीच्या सऱ्यांवर बसलंय, आणि तू दिसत नाहीस, तुझा फक्त खोकला इकडून तिकडे जातो. भातकापणी संपली की सुरगाण्याकडची माणसं ट्रकच्या मागे बसून खाली येतात, कोणी निफाडला उतरतात, कोणी आपल्या शेजारच्या द्राक्षबागेत. तो त्यांच्यातलाच. आपल्या विहिरीवर पाणी न्यायला येतो. मी फुलांनी भरलेली पाटी घेऊन उभी असते, कारण भरली पाटी डोक्यावर घ्यायला दुसरं माणूस लागतं, आणि तू लांब असतेस. तो हंडा खाली ठेवतो, पाटी उचलून देतो. देताना डोळे पाटीकडे ठेवतो, माझ्याकडे नाही. एवढं जपून न बघणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. सगळा हिवाळा असाच जातो, आणि आमचं बोलणं म्हणशील तर, "जड आहे" आणि "असू दे."

पहिल्या वर्षी परत जायच्या आधी तो आपल्या मामाला घेऊन आला. धुऊन धुऊन विरलेला पांढरा सदरा, आणि काखेत फडक्यात बांधलेलं नागलीचं पीठ. तू त्यांना घोंगडीवर बसवलंस, चहा ठेवायला आत आलीस. वडिलांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, मळा तू एकटी ओढत होतीस. चुलीपाशी वाकून तू मला विचारलंस, आणि ते शब्द मी आजवर कोणाला सांगितले नाहीत.

"पोरगं चांगलं हाय. तुला पाहिजे का? पाहिजे असंल तर भावकीचं मी बघते. लय तर बोलणार नाहीत, तसेही कुठं बोलतेत."

आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "डोंगरातला? फूलबाजारातल्या बायका काय म्हणतील मला? नाय म्हणून सांग."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. चहाला उकळी आली तरी बघत होतीस. मग बाहेर गेलीस आणि आपल्याकडे सांगतात तसं सांगितलंस, "यंदा मुलीला गुरुबळ नाही." आपल्याकडे मुलगी द्यायची नसली की तोंडावर नाही म्हणत नाहीत, गुरुबळ नाही म्हणतात. समोरचा समजतो, चहा पितो आणि उठतो. पण त्यांच्या पाड्यावर कोण पत्रिका काढतंय? त्याने ते खरंच धरलं. चहाची बशी खाली ठेवून सरळ विचारलं, "मग कधी येईल?"

तू बोलून गेलीस, "बघू पुढच्या वर्षी."

ते गेल्यावर मी ते पीठ उकिरड्यावर टाकायला निघाले. तू माझं मनगट धरलंस. "माणूस नको तर नको. त्याचं पीठ काय म्हणून टाकतेस? त्याच्या आईनं दळलंय ते." त्या दिवशी तू नागलीची भाकर थापलीस, आणि माझ्यासमोर बसून एकटीने खाल्लीस, मला दिली नाहीस. तुझ्या हातचा मार खाल्ला मी, तो सगळा विसरले. ती भाकर विसरत नाही.

आणि तो पुढच्या वर्षी आला, आई. खरंच आला. "गुरुबळ आलं का?" असं विचारायला, पोस्टमनला पत्र विचारावं तसं. तू आत येऊन माझ्याकडे पाहिलंस, मी मान हलवली, तू बाहेर जाऊन तेच सांगितलंस. तिसऱ्या वर्षी तू कंटाळलीस. "त्या गुरूला मी किती वर्षं अडवून धरू? तूच ये बाहेर आणि सांग." मी "नाय म्हण" एवढंच म्हटलं, गेले नाही. तू गेलीस. तो तुझ्या पाया पडला आणि म्हणाला, पुढच्या वर्षी येतो.

त्या वैशाखात माझं लग्न झालं. नाशिक रोडचा, नोटांच्या प्रेसमधला, पक्क्या नोकरीचा मुलगा. बाजारातल्या बायका म्हणाल्या, नशीब काढलंस. नवरा चांगलाच होता, घोरायचा तेवढंच. दिवाळीनंतर पुन्हा माहेरी आले तेव्हा तू वाटाणे सोलत होतीस. खाली मान घालून म्हणालीस, "तो येऊन गेला. लग्न झालं म्हणून सांगितलं."

"मग?"

"'आलं ना गुरुबळ? बरं झालं,' म्हणाला. पीठ ठेवून गेला."

मी हसले. मोठ्याने हसले, तू हसली नाहीस. तो भोळा होता का आपल्या दोघींपेक्षा शहाणा होता, पहिल्या दिवसापासून त्याला सगळं कळलं होतं आणि तुला खोटं पडू द्यायचं नव्हतं म्हणून तो दरवर्षी तसं विचारत होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता नातीच्या पुस्तकातली आई ऐक. ओठ पातळ, डोळे थंड, मुलीला कुलूप लावून ठेवते, दारात आलेल्या मुलाला हसत हसत खोटं सांगते. मी म्हटलं, "ही कोण गं अवदसा?" तर म्हणे, "आजी, ती पणजी आहे. कोणीतरी वाईट लागतंच ना गोष्टीत." सोमवारी ते छापायला जाणार. मग काही बदलता येत नाही. लांबच्या देशातली, तुला कधी न पाहिलेली पोरं तुला शिव्या देणार, आणि त्या पोरींना तो मुलगा आवडेल तितकी तू नावडशील.

त्या दुपारी खुर्चीत डोळा लागला. नातीच्या बिल्डिंगखाली बर्फात तो उभा होता, त्याच विरलेल्या सदऱ्यात, काखेत फडकं. थंडी त्याला वाजत नव्हती. तू बाहेर आलीस, नऊवारी, अनवाणी, आणि तुझ्या पावलांखाली बर्फात शेवंती उगवत गेली, पिवळी. तू त्याला नेहमीचं सांगितलंस. मग वळून वर पाहिलंस, सरळ माझ्या खिडकीकडे. मी पडद्याआड झाले. या वयातसुद्धा.

काल सकाळी नातीचा फोन आला तेव्हा चहा बाजूला ठेवला.

"ती आई बदल."

"अगं, परवा द्यायचंय आजी! आणि मग त्या मुलाला नाही कोण म्हणणार?"

"मुलगी."

मागे बर्फ पडतोय. "म्हणजे तू?"

"मी. माझी आई तर द्यायला तयार होती."

"पण का?"

"बाजारातल्या बायका हसल्या असत्या म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच. माणसं फार मोठ्या कारणाने वाईट वागतात असं तुला कोणी शिकवलं?"

"आजी, वाचणाऱ्या मुली तिचा राग करतील."

"करू दे. तिला मेलेल्या आईमागे लपवू नकोस."

ती चिडली. माझं अर्धं पुस्तक गेलं म्हणाली, आणि फोन बंद केला. मला वाटलं आता आठ दिवस तोंड दाखवत नाही. पण आज सकाळी फोन आला. डोळे सुजलेले, केस विंचरलेले नाहीत, रात्रभर बसून लिहिलेलं. म्हणाली, "पुस्तकातली आई झाली बघ नीट. आता तीच मला सगळ्यात आवडायला लागलीय. पण मुलगी अवघड झाली. तिसऱ्यांदा तो दारात येतो ना, तेव्हा तिला आतून काय हवं असतं? तिथे मी अडकलेय. तू सांग."

मी म्हटलं दूध उतू चाललंय, आणि फोन ठेवून दिला. दूध तापवलंच नव्हतं.

तुझ्या नावाचं जे करायचं ते केलं, आई. त्याबद्दल तू उपकार मानू नकोस आणि मीही माफी मागत नाही, आपल्याकडे ती पद्धत नाही. हा कागद पिठाच्या डब्याखाली जाईल आणि डबा घासताना भिजेल. तिला सांगितलं नाही ते तुला सांगते. तिसऱ्या वर्षी तुला "नाय म्हण" म्हटलं तेव्हा मी पेटीतली साडी नेसून बसले होते. चुलीच्या धुरात तुला दिसली नसेल. एरवी जन्मात तू माझं कधी ऐकलं नव्हतंस. मला वाटलं, आजही ऐकणार नाहीस.